पोत्यातला बर्फ

आमच्या शाळेच्या स्टोअररूममध्ये एकोणीस पोती पडून आहेत. प्रत्येकावर निळ्या मार्करने, गोल गोल अक्षरांत 'बर्फ' असं लिहिलंय. आत बर्फबिर्फ काही नाही. सोलापुरात बर्फ पोत्यात भरून ठेवणार कोण? आत मागावरचा सुताचा कचरा आहे. टॉवेलांच्या कापलेल्या कडा, तुटके धागे, चादरींचं रंगीत भुसकट. नवे मुख्याध्यापक दर महिन्याला मला विचारतात, "मॅडम, हा उकिरडा कधी काढायचा?" मी म्हणते, "डेडस्टॉकला नोंद आहे, सर. मंजुरीशिवाय हलवता येत नाही." साफ खोटं. अशी नोंद कुठेही नाही. पण इतकी वर्षं क्लार्कच्या खुर्चीत काढली की एवढं खोटं सहज पचतं.

पोती आमच्या खेळाच्या सरांची. सर जाऊन आता दोन वर्षं होतील. मूळचे मैंदर्गीचे, घरात कन्नड बोलणारे, मराठी बोलतानाही एखादा कन्नड शब्द मध्येच निसटायचा. त्यांचा सगळ्यात लाडका म्हणजे 'होगली बिडरी'. म्हणजे जाऊ द्या हो, सोडा. कुणी जिना चढताना धक्का दिला, होगली बिडरी. मुख्याध्यापकांनी सगळ्यांसमोर झापलं, होगली बिडरी. मला ह्या शब्दाचा फार राग यायचा. सगळंच सोडून द्यायचं तर माणसाने जगायचं कशाला?

शर्टाच्या खिशात पेनाशेजारी त्यांचा थर्मामीटर असायचा. तापाचा नव्हे, हवेचा. भिंतीला टांगायचा असतो तो. सकाळी मस्टरवर सही करायला आले की तो काढून माझ्या टेबलावर उभा करायचे, मान वाकडी करून बघायचे आणि जाहीर करायचे, "एक्केचाळीस. आज बर्फाचं हवामान न्हाय, मॅडम." एप्रिलमध्ये! मी म्हणायचे, "सर, जानेवारीत तरी असतं का?" ते मनापासून विचार करायचे आणि म्हणायचे, "न्हाय. पण आशा असतीय."

हे बर्फाचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते मोबाइलमुळे. स्वतः तरुणपणी व्हॉलीबॉलमध्ये नावाजलेले शूटर. गुडघा गेला आणि खेळ संपला. एक दिवस मधल्या सुट्टीत मोबाइल नाचवत माझ्याकडे आले. कुठल्या तरी थंड देशात पांढऱ्या मैदानावर, स्वेटर-टोप्या घालून, फुटबॉलचे खिळ्यांचे बूट घालून माणसं व्हॉलीबॉल खेळत होती.

"हे बघा! स्नो व्हॉलीबॉल! आणि मॅडम, तीनच लागतात! एका बाजूला तीन!"

"मग?"

"मग काय मग? सहा पोरी मला आजवर एका टायमाला मैदानावर मिळाल्या न्हाईत. एकीचं लगीन ठरतंय, एकीला विड्या वळायला बसवतेत, एकीचा भाऊ सायकल घेऊन न्यायला येतोय. पण तीन? तीन टिकतेत की!"

वर हेही सांगितलं की हा खेळ जिल्ह्यात कुणाला ठाऊकच नाही. रांग लागायच्या आधी आपण पुढे उभं राहायचं. उद्या ह्याला मान्यता मिळाली, की आपल्या मुली थेट देशात पहिल्या. बोलताना कपाळावरून घाम गळत होता, आणि खिडकीबाहेर लिंबाखाली कुत्रीसुद्धा जिभा काढून पडली होती. मला हसू आवरेना. हसले ते हसले, शिवाय स्टाफरूममध्ये जाऊन सगळ्यांना सांगितलं. तेव्हापासून पोरंसोरं त्यांना मागून 'बर्फाचे सर' म्हणू लागली.

त्यांनी ते मनावर घेतलं नाही. बर्फात पाय रुततो, उडी मारायला जमीन साथ देत नाही, हे त्यांनी व्हिडिओ बघून बघून ओळखलं होतं. मग सोलापुरात पाय रुतेल असं काय आहे? वाळू मिळेना. मागावरचा कचरा मात्र पोत्यांनी मिळतो. मैदानाच्या एका कोपऱ्यात गुडघाभर कचरा पसरला आणि वर जाळी बांधली. गुलाबी, हिरवा, निळा असा आमचा बर्फ. मे महिन्यात पोरी त्यात खेळायच्या, वर स्वेटर घालून. "अंगाला स्वेटरची सवय लागली पाहिजे" म्हणे! एका पोरीला घेरी आली तेव्हा मी खिडकीतून ओरडले, "सर, पोरी मारायच्यात का?" दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पोरींना हाफ स्वेटर चालवून घेतला. सवलत म्हणजे एवढीच.

एकदा तर कारखान्यातून खऱ्या बर्फाच्या लाद्या आणल्या. गोणपाटात गुंडाळून हातोड्यांनी फोडल्या आणि भर अकराच्या उन्हात मैदानावर पसरल्या. चालू तासाला पोरी वर्गातून बाहेर. पाव तासात सगळा चिखल. मुख्याध्यापक धावत आले, काय काय बोलले ते मी इथे लिहीत नाही. सर अनवाणी त्या चिखलात उभे होते, डोळे मिटून. म्हणत होते, "या गं पोरींनो, लवकर पाय ठेवून बघा. हाय तेवढं बघून घ्या." पोरी हसत हसत पाय ठेवत होत्या. सगळ्यात शेवटपर्यंत एकच पोरगी त्यांच्या शेजारी उभी राहिली, थंडीने पाय लाल होईपर्यंत. ती नागमणी.

नागमणी आमच्या ज्युनिअर कॉलेजची. घरात तेलुगू, वडील मागावर, आई विड्या वळणारी. हे सुताचं भुसकट तिच्या वडिलांनीच मालकाला विचारून आणून दिलेलं. ताडमाड उंच, अबोल पोरगी. जाळीवर उडी मारली की वर थांबल्यासारखी वाटायची. तिला पोलिसात जायचं होतं. का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "गणवेश असतो की मॅडम. रस्त्यातनं जाताना कोण काय बोलत न्हाई." भरतीत खेळाडूंना राखीव जागा असतात, त्यासाठी खेळाचं प्रमाणपत्र लागतं, एवढं आमच्याकडे प्रत्येक खेळणाऱ्या पोरीला पाठ असतं. नागमणीचा सगळा भरवसा त्या एका कागदावर होता.

आता ती गोष्ट. ती सांगायलाच बसले आहे, तर टाळत कशाला बसू?

डिसेंबर होता. सर दोन पत्रं घेऊन माझ्या टेबलाशी आले. एक जिल्ह्याच्या व्हॉलीबॉल संघाचं. आपला नेहमीचा, सहा जणींचा खेळ. नागमणीची राज्य स्पर्धेसाठी निवड झाली होती. दुसरं हिमाचलातून आलेलं, स्नो व्हॉलीबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेचं. दोन्हींचा आठवडा एकच.

"मॅडम, कुठलं प्रमाणपत्र भरतीला चालतंय? तुमच्याकडं शासनाचा कागद हाय न्हवं, खेळांच्या यादीचा? जरा बघून सांगा. माझं मन हिकडं ओढतंय, म्हणून तुमाला इचारतोय."

कागद होता. माझ्या मागच्या कपाटात, तिसऱ्या फाइलीत. उठून चार पावलं जायचं होतं. पण त्या दिवशी शिष्यवृत्तीच्या फॉर्मांची शेवटची तारीख होती, टेबलापुढे पालकांचा घोळका होता, आणि माझं डोकं दुखत होतं. मी मान वर न करता म्हणाले, "सर, राज्य मोठं की राष्ट्र मोठं? एवढं कळत नाही का? राष्ट्रीय आहे की ते. पाठवा."

"नक्की?"

"नक्की हो! जा आता."

ते खुशीत गेले. त्यांना हवं तेच उत्तर मिळालं होतं.

हिमाचलच्या वारीचे किस्से... वारी कसली, रेल्वेच्या जनरल डब्यातली तीन दिवसांची फरफट. ते किस्से मला पोरींनीच सांगितले. सरांनी सोलापुरातून सोबत काय न्यावं? फक्कीची गोणी. मैदान आखायला फक्की लागतेच, आणि परक्या गावात चांगली फक्की मिळेल न मिळेल, म्हणून खांद्यावर वाहून नेली. आयुष्यभर तांबड्या-काळ्या मातीवर पांढऱ्या रेघा मारलेला माणूस. डोंगरावर पोचले, बसमधून उतरले, समोर नजर जाईल तिथवर पांढरं. सर गोणी खांद्यावर घेऊन तसेच उभे राहिले. पोरींना वाटलं, सर बर्फ बघून गहिवरले. मग सरांनी गोणी खाली ठेवली आणि हळूच म्हणाले, "पोरींनो, आपली फक्की पांढरी हाय की गं."

म्हणे पोरी हसून हसून बर्फात लोळल्या. सरही हसले. मग त्यांनी डबे उघडायला लावले आणि सरावाच्या मैदानाच्या चारी रेघा शेंगाच्या चटणीने आखल्या! लाल रेघ मात्र झकास उठली. सकाळी बघतात तर गावच्या कुत्र्यांनी दोन बाजू चाटून साफ केलेल्या. उरलेले चार दिवस पोरींनी भाकरी कोरडी खाल्ली, त्यावरून त्यांनी सरांना शिव्याही घातल्या. पण सुताच्या कचऱ्यात तयार झालेल्या त्या तीन पोरी आणि एक राखीव तिसऱ्या आल्या. सोनेरी कडेचं प्रमाणपत्र मिळालं. सरांनी स्टेशनवरून आधी घरी न जाता प्रमाणपत्रांना लॅमिनेशन करून घेतलं आणि मग पोरींच्या हातात दिली.

त्याच आठवड्यात आपल्या जिल्ह्याचा संघ राज्यात दुसरा आला. नागमणीच्या जागी राखीव मुलगी खेळली होती. ती आज पोलिसात आहे. सात रस्ता चौकात कधी कधी ड्यूटीवर दिसते. मी मान खाली घालून रस्ता ओलांडते.

भरतीचा फॉर्म भरायच्या आधी नागमणीने प्रमाणपत्र तपासणीला पाठवलं, आणि महिन्याने उत्तर आलं. सदर खेळ यादीत समाविष्ट नसल्याने प्रमाणपत्र ग्राह्य धरता येत नाही. दोन ओळींचं पत्र. मी ते वाचलं, उठले, ती चार पावलं गेले आणि तिसरी फाइल काढली. यादीत व्हॉलीबॉल होता. स्नो व्हॉलीबॉल कुठेच नव्हता. मी यादी तीनदा वाचली, जणू वाचून वाचून तो उगवणार होता.

दुपारी नागमणी वडिलांना घेऊन आली. सर व्हरांड्यातच होते. वडील गरीब माणूस, आवाज चढवता येत नाही असा. म्हणाले, "सर, तुमी म्हणलाव म्हणून धाडलो मी. घरात कुणाचं ऐकलो न्हाय."

मी फाइल छातीशी धरून दारात उभी होते. माझ्या मनात बोलायचं होतं. खरंच होतं. पण सर माझ्याकडे न बघता बोलून गेले, "व्हय. चूक माझी हाय. मॅडम सांगत होत्या, यादी बघू द्या म्हणून. मीच ऐकलो न्हाय."

नागमणीने त्यांच्याकडे एकदा पाहिलं. लॅमिनेशन केलेलं प्रमाणपत्र व्हरांड्याच्या कठड्यावर ठेवलं आणि वडिलांचा हात धरून निघून गेली.

मी सरांना गाठलं. "हे काय केलंत तुम्ही? चूक माझी होती."

"होगली बिडरी, मॅडम."

"अहो, सोडा काय सोडा? मी जाऊन सांगते तिला."

तेव्हा ते पहिल्यांदा माझ्यावर करवादले. "आणि काय व्हईल? पोरीला दाखला लागणार, बोनाफाईड लागणार, उद्या तिच्या पोराला लागणार. सगळं तुमच्या टेबलावरनं जातंय. तुमच्यावर राग धरली तर हितं पाऊल ठेवणार न्हाय ती. माझ्याकडं काय काम हाय कुणाचं? माझ्यावर रागावू दे. दोन दिवसांनी बोलतीय बघा."

मला बरं वाटलं. लाज वाटायला हवी होती, पण खरं सांगते, सुटल्यासारखं वाटलं. नोकरीत कधी मेमो नव्हता, नावाला डाग नव्हता. मी गप्प बसले.

दोन दिवसांनी ती बोलली नाही. दोन महिन्यांनीही नाही. खेळाडूंच्या जागा सोडून इतर जागांसाठी भरतीला उतरली, दोन गुणांनी राहिली. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं, इथेच, गावातच. पत्रिका माझ्या टेबलावर आली. सरांना आली नाही. सर मला म्हणाले, "बघू जरा," आणि पत्रिका हातात घेऊन बराच वेळ उभे राहिले.

त्यानंतर त्यांनी पत्रं सुरू केली. दर महिन्याचा पहिला सोमवार. ते खिडकीशी उभे राहून सांगायचे, मी टाइप करायचे. विषय, स्नो व्हॉलीबॉल या खेळाचा यादीत समावेश करणेबाबत. क्रीडा खात्याला, मंत्र्यांना, संघटनांना, दिल्लीला. पहिल्या परिच्छेदात खेळाची माहिती, दुसऱ्यात तो किती देशांत खेळतात ते, आणि तिसऱ्यात एकच वाक्य, 'माझ्या चुकीच्या सल्ल्यामुळे एका गुणी खेळाडूचे नुकसान झाले आहे.' पहिल्यांदा हे वाक्य आलं तेव्हा माझी बोटं थांबली. सर बाहेर मैदानाकडे बघत होते. म्हणाले, "टाइप करा की, मॅडम." मी केलं. पुढे दर महिन्याला केलं. स्वतःची चूक दुसऱ्याच्या नावाने मी माझ्या बोटांनी इतक्यांदा लिहिली आहे, की अंधारातसुद्धा बिनचूक टाइप करेन. उत्तरं यायची तीही ठरलेली. आपले पत्र योग्य त्या कार्यवाहीसाठी पुढे पाठवण्यात आले आहे. पुढे म्हणजे कुठे, हे ना त्यांना कळलं ना मला.

मधे मैदानाच्या कोपऱ्यावर नवीन वर्ग बांधले. सरांनी कचरा पोत्यांत भरला, झाडून झाडून, गुडघ्यावर बसून. प्रत्येक पोत्यावर 'बर्फ' लिहिलं. मी विचारलं, आता कशाला? म्हणाले, "मान्यता आली तर लागंल की. पुन्हा कुटं गोळा करत बसू?"

निवृत्तीनंतरही ते सोमवारी यायचे. मग हृदय बिघडलं. दवाखान्यात भेटायला गेले तर उशीखालून थर्मामीटर काढून दाखवला. "बावीस, मॅडम. एसी चांगला हाय." थोड्या वेळाने विचारलं, "ह्या आठवड्यात कोण कोण येऊन गेलं, तुमच्याकडं नावं हायत का?" भेटायला येणाऱ्यांची नावं माझ्याकडे कशी असणार? पण मला कळलं. मी म्हणाले, "नागमणी येईल, सर." ते म्हणाले, "तिचं लेकरू लहान हाय. होगली बिडरी." मी तेव्हाही जाऊन तिला बोलवून आणू शकत होते. घर वीस मिनिटांवर होतं. गेले नाही. चौथ्या दिवशी सर गेले. अंत्ययात्रेत जुन्या विद्यार्थिनी होत्या, ती नव्हती.

सोमवारची पत्रं मी थांबवली नाहीत. यादीही बघते. अजून नाही.

गेल्या महिन्यात नागमणी आली. शाळा सोडल्याच्या दाखल्याची दुसरी प्रत हवी होती. एका मोठ्या दुकानात सिक्युरिटी गार्डची नोकरी मिळत होती. "गणवेश मिळतोय मॅडम," असं म्हणाली आणि थोडं हसली. सर म्हणाले होते तसंच झालं, कागदासाठी माझ्याच टेबलाशी उभी. शिपायाने स्टोअररूम झाडायला उघडली होती. तिची नजर आत गेली.

"ती पोती अजून हायत?"

मग मला राहवलं नाही. दाखला लिहिता लिहिताच सांगून टाकलं. दोन पत्रं, कपाट, चार पावलं, राज्य मोठं की राष्ट्र मोठं, सगळं. मान वर केली नाही. केली असती तर सांगता आलं नसतं.

तिने विचारलं, "सरांना म्हाईत होतं?"

"हो. पहिल्या दिवसापासून."

"मग सर माझ्याशी खोटं बोलले."

"माझ्यासाठी बोलले."

तिने टेबलाची कड घट्ट धरली. "रस्त्यात सर दिसले की मी तोंड फिरवायचे, मॅडम. एकदा भर बाजारात हाक मारली त्यांनी. 'नागू' म्हणून. मी ऐकलं आणि पुढं गेले. दवाखान्यापर्यंत आले होते मी दोन वेळा. खालनंच परत गेले. म्हटलं, ह्या माणसानं माझा गणवेश घालवला."

मी रडत होते. माझं रडणं कुणाच्या कामाचं नव्हतं. मी वाट बघत होते, ती ते दोन शब्द म्हणेल म्हणून. सरांनी प्रत्येक पोरीला शिकवलेले ते दोन शब्द. मला ज्यांचा राग यायचा तेच आता कुणीतरी मला म्हणावेत असं आतड्यापासून वाटत होतं.

तिने डोळे पुसले. समोरचा दाखला उचलला, वरपासून खालपर्यंत नीट वाचला आणि माझ्यापुढे सरकवला.

"शिक्का राहिलाय, मॅडम."